पुढचें शीड

घरांतील जुनी वस्तु निकामी झाली म्हणजे तिच्या जागीं नवी आणणें हें काम वरवर दिसतें तितकें सोपें नसतें, हा अनुभव प्रत्येक एकत्र कुटुंबास असेलच. पाण्याचा बंब गळूं लागला तेव्हां पुन्हां तांब्याचाच घ्यावा कीं विजेचा, या प्रश्नावर आमच्या घरीं तीन रविवार खर्ची पडले होते. परंतु ज्या वस्तूनें आमच्या घरांत खरोखरीच दोन पक्ष पाडले ती वस्तु बंब नव्हे. ती होती एका लहानशा होडीचें पुढचें शीड. समुद्रापासून इतक्या दूर, सागवानाच्या रानांत वसलेल्या सिरोंच्यास शिडाची चर्चा व्हावी हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. म्हणून आरंभीं थोडी हकीकत सांगणें प्राप्त आहे.

आमचें गांव प्राणहितेच्या डाव्या तीरावर आहे. वर्धा व वैनगंगा यांच्या संगमानें झालेली ही नदी गांवाच्या खालीं लवकरच गोदावरीस मिळते, आणि पलीकडे तेलंगणांत कालेश्वराचें देऊळ दिसतें. येथील बाजारांत मराठीबरोबर तेलुगूही सर्रास ऐकूं येते. १८७४ पर्यंत सिरोंचा हें अप्पर गोदावरी जिल्ह्याचें मुख्य ठिकाण होतें. वऱ्हाडचा कापूस याच जलमार्गानें समुद्रापर्यंत न्यावा अशी सर आर्थर कॉटन यांची मोठी योजना होती. परंतु वाटेंतील खडकाळ पट्ट्यांनीं ती अडविली आणि १८७१ मध्यें काम सोडून देण्यांत आलें. पुढें नावाडी उरले ते उतारूंना ऐलतीरावरून पैलतीरास नेणारे. आणि २०१६ च्या अखेरीस गोदावरीवर पूल खुला झाल्यापासून त्यांचेंही काम रोडावलें.

आमचे वडीलबंधु, ज्यांना घरांत लहानथोर सर्वच दादा म्हणतात, नोकरीनिमित्त तीस वर्षें मुंबईस होते. शिडाची होडी हांकण्याचा नाद त्यांना तेथेंच लागला. निवृत्त होऊन गांवीं परततांना इतर लोक कपाटें व खुर्च्या आणितात. दादांनीं सोळा फुटी लाकडी होडी मालमोटारीवर घालून आणिली. पुढें २१ जून २०१९ रोजीं मेडिगड्डा येथील बंधाऱ्याचें उद्घाटन झालें आणि त्याचा फुगवटा गांवापर्यंत येऊन हिवाळ्यांतही नदीचें सरोवर दिसूं लागलें. दादांच्या होडीस घरबसल्या समुद्र मिळाला.

तिला शिडें दोन. डोलकाठीच्या मागें मोठें. आणि पुढें, नाळेपासून डोलकाठीच्या माथ्याकडे जाणाऱ्या तारेवर चढणारें, लहान त्रिकोणी. मोठ्या शिडाचा दोर व सुकाणू दादांच्या हातीं असे. पुढच्या शिडाचा दोर ओढण्यास दुसरें माणूस लागे. पहिल्या वर्षीं तें माणूस आम्ही होतों. परंतु आमचे गुडघे आणि दादांचा चढा आवाज यांचें पटेना, म्हणून ती जागा त्यांच्या दहा वर्षांच्या नातीनें पटकाविली, व ती आम्ही मोठ्या आनंदानें सोडून दिली.

जानेवारी २०२३ मधील एका दुपारीं काठावर बसून आम्ही त्या दोघांकडे पाहत होतों. एकाएकीं वाऱ्याचा झोत आला, होडी एका अंगावर कलली, पुढचें शीड मागच्या कडेपासून टर्रकन् फाटलें, आणि नातीच्या हातून दोर सरसरत निसटला. दोघांच्याही अंगांत तरंगते कोट होते. होडी हळूहळू काठास लागली. कोणासही इजा झाली नाहीं असें आम्ही म्हणालों. वस्तुतः मुलीच्या दोन्ही तळव्यांवर दोराचे लाल वळ उठले होते. दादा म्हणाले, “दोर वेळेवर सोडला असतास तर हें झालें नसतें.” ती कांहीं बोलली नाहीं. पुढच्या रविवारीं मात्र तिनें सांगितलें, “आजोबा, मला अभ्यास आहे.” त्यापुढच्या रविवारींही तिला अभ्यास होता. बारा वर्षांच्या मुलीस इतका अभ्यास नसतो हें घरांत सर्वांस ठाऊक होतें. बोललें मात्र कोणी नाहीं.

शिडाची तपासणी माजघरांत झाली. तें पसरलेलें पाहून वहिनींनीं प्रथम पापडांस किती जागा होईल याचा अंदाज घेतला. मग चष्मा लावून त्या शिवणीपाशीं बसल्या. अंगठ्याच्या नखानें त्यांनीं दोरा किंचित् उचलला, तों तो तटकन् तुटला. दुसऱ्या जागीं तेंच, तिसऱ्या जागींही तेंच. “हा दोरा उन्हानें खाल्ला आहे,” त्या म्हणाल्या. “गच्चीवर विसरलेल्या गोधडीचा असाच होतो. आणि कापडही पाहा, नव्या कापडाचा करकरीतपणा कोठें राहिला आहे?”

वहिनींनीं शिवणाच्या अनुभवावर सांगितलें तेंच शीड शिवणारेही सांगतात. आजकालचीं साधीं शिडें डेक्रॉनचीं, म्हणजे पॉलिएस्टरचीं असतात. हा धागा १९४१ मध्यें इंग्लंडांत व्हिनफील्ड व डिक्सन यांनीं शोधून काढला, आणि पुढच्या दहापंधरा वर्षांत त्यानें सुती शिडांस मागें टाकलें. कारण सूत ताणतें व ओलाव्यानें कुजतें. परंतु पॉलिएस्टरलाही ऊन सोसत नाहीं. आधीं शिवणीचा दोरा जातो, मग कापड सैल पडतें. आणि शीड म्हणजे सपाट कापड नव्हेच. पट्ट्यांच्या कडा किंचित् वक्र कापून जोडल्यामुळें, बाळाच्या टोपऱ्यास यावी तशी त्यास गोलाई येते. या पोटाचा खोल भाग पुढच्या बाजूस राहिला तर वारा होडीस पुढें नेतो. कापड जुनें होऊन ताणलें कीं तें पोट मागें सरकतें, आणि तोच वारा होडीस पुढें नेण्याऐवजीं आडवी पाडूं लागतो. हें सर्व चालूं असतां दादा खिडकीबाहेर पाहत होते.

नवें शीड घेणें ठरलें, आणि पक्ष पडले. हैदराबादेस असणारा आमचा पुतण्या हुसेनसागरावर होड्या हांकावयास शिकलेला. त्याचें म्हणणें, घ्यावयाचें तर ‘जिनोआ’ घ्यावें. हें शीड डोलकाठीच्या मागेंपर्यंत पोहोंचतें. स्वीडनच्या स्वेन सालेन यांनीं १९२० नंतरच्या दशकांत इटलींतील जिनोआच्या शर्यतींत तें वापरल्यावरून त्यास हें नांव पडलें. दादांचें म्हणणें, होतें तसेंच आणावें. पुतण्यानें मग गोव्यास रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत बांधलेल्या ‘म्हादेई’चा दाखला काढला. त्या ५६ फुटी नौकेंतून दिलीप दोंदे यांनीं २००९-१० मध्यें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि २०१२-१३ मध्यें अभिलाष टॉमी यांनीं तीच कोठेंही न थांबतां केली. “त्यांनीं लहान शिडावर समाधान मानलें असतें का?” यावर दादांनीं बजावलें, “वारा वाढला म्हणजे शीड कमी करणें, हीच त्यांची विद्या!” या वेळीं दादांचें म्हणणें आम्हांस बिनतोड वाटलें.

आम्ही तटस्थ असल्यामुळें हिशेब आमच्याकडे आला. डोलकाठीच्या बुंध्यापासून नाळेवरील तारेच्या बुंध्यापर्यंतचें अंतर हें मूळ माप. आमच्या होडीवर तें पांच फूट भरलें. शिडाची रुंदी, म्हणजे पुढच्या कडेपासून मागच्या कोपऱ्यापर्यंत काटकोनांत मोजलेलें अंतर, तितकीच असली तर तें शीड १०० टक्क्यांचें. दीडपट असली तर १५० टक्क्यांचें. पुढची कड १५ फूट धरली तर पुतण्याचें शीड ५६ चौरस फुटांचें होत होतें. डोलकाठीच्या पुढेंच संपणारें, पावणेपांच फूट रुंदीचें शीड ३६ चौरस फुटांच्या आंतच राहत होतें. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर चौपट होतो. हा कागद आम्ही जेवणाच्या वेळीं वाचून दाखविला.

वहिनी वाढतां वाढतां थांबल्या. “कोणत्या वाऱ्यासाठीं शीड घ्यावयाचें तें तुम्ही ठरवा,” त्या म्हणाल्या. “पण त्याचा दोर धरणार कोण, हें कोणी सांगेल का?”

पानांवर शांतता पसरली. नात मान खालीं घालून भात कालवीत राहिली.

दुसऱ्या दिवशीं हाच प्रश्न आम्ही घाटावरच्या एका वृद्ध नावाड्यापुढें मांडला. तेलुगूंत शिडाला ‘तेरचाप’ म्हणतात. तेर म्हणजे पडदा आणि चाप म्हणजे चटई. म्हातारा मोडक्या मराठींत म्हणाला, “चटई बसणाराच्या मापाची घेतात, घराच्या मापाची नाहीं.” हें वाक्य घरीं येऊन आम्ही जसेंच्या तसें दादांस सांगितलें.

त्या संध्याकाळीं दादांनीं नातीस अंगणांत बोलाविलें. आम्ही तुळशीपाशीं होतों, म्हणून ऐकूं आलें. “त्या दिवशीं चूक तुझी नव्हती,” ते म्हणाले. “शीड दोन वर्षांपूर्वींच बदलावयास हवें होतें. मला दिसत होतें. पण मीं टाळलें.” दादांनीं आपली चूक कबूल केल्याचें आम्ही आमच्या साठ वर्षांत दुसऱ्यांदा ऐकलें, पहिली वेळ आमच्या मातुःश्रींपुढें आली होती.

मुंबईच्या एका शीड शिवणाऱ्याकडे लहान शिडाची मागणी गेली. जुन्या शिडाचें माप आम्ही अंगणांत घेऊन ठेवलेंच होतें. त्यानें तें नाकारलें. जुनें कापड ताणलेलें असतें, म्हणून माप होडीवरच घ्यावें, असें त्यानें कळविलें. पुन्हां मोजलें तेव्हां आमच्या मापांत चार इंचांची चूक निघाली. कापड चार औंसी डेक्रॉन, शिवण तिहेरी, आणि गुंडाळण्याच्या यंत्राऐवजीं तारेवर अडकविण्याच्या साध्या कड्या. दोर कोठून ओढावा हेंही त्यानें कळविलें: वळतांना शिडाचा वरचा भाग आधीं फडफडूं लागला तर दोराची जागा पुढें सरकवावी, खालचा फडफडला तर मागें. ही जागा शोधण्यास आजोबा व नात यांना दोन रविवार लागले. अभ्यासाचा विषय पुन्हां निघाला नाहीं.

२१ ऑक्टोबर २०२३ रोजीं बंधाऱ्याचे कांहीं खांब खचले. त्यानंतर दरवाजे उघडण्यांत आले, आणि पाणी उतरून आमची नदी पुन्हां पूर्वीची झाली. आमच्या हौसेचें सरोवर गेलें याचें दुःख आम्ही कोणापुढें मांडलें नाहीं. त्याच पाण्यानें तालुक्यांतील पुष्कळांचीं शेतें घेरलीं होतीं, त्यांच्यांत राहून तें शोभलेंही नसतें. आतां होडी निघते ती पूर ओसरल्यावर, कार्तिकाच्या सुमारास, अरुंद पात्रांत. तेथें घडोघडी वळावें लागतें, आणि प्रत्येक वळणास तें प्रचंड जिनोआ डोलकाठीवरून ओढून पलीकडे न्यावें लागलें असतें. लहान शीड सहज वळतें. हें आधीं ओळखल्याचें श्रेय मात्र आमच्यापैकीं कोणीही घेऊं नये.

गेल्या कार्तिकांत दादांचा खांदा धरला होता. सुकाणू त्यांच्यानें पेलवेना. नातीनें तें आपण होऊन घेतलें आणि आजोबांना पुढें बसविलें. पुढच्या शिडाचा दोर आतां त्यांच्या हातीं होता. मुलीच्या हातांसाठीं म्हणून घेतलेलें तें शीड त्यांच्या थकलेल्या हातांसही बरोबर बेताचें झालें. “आजोबा, सोडा!” अशी तिची हांक पाण्यावरून आम्हांस ऐकूं आली. आवाज थेट दादांचाच होता. दादांनीं दोर वेळेवर सोडला.