नंदी नसलेलं देऊळ

खिद्रापूरच्या कोपेश्वराला मी पहिल्यांदा गेलो तो बैलगाडीतून. आण्णांनी आधी बैल सोडले, वैरण टाकली, मगच आम्ही देवळात गेलो. स्वर्गमंडपात पाय टाकला आणि बघतोय तर वर आभाळ! छताला मधोमध गोल मोकळी जागा, बरोबर तिच्याखाली तेवढ्याच घेराची दगडी शिळा, भोवतीनं बारा खांब. मला वाटलं, छत कोसळलंय. आण्णा म्हणाले, "पडलं न्हाई. ठेवलंयच तसं."

खांबांचं कौतुक सगळेच करतात. एकच खांब कुठं चौकोनी, कुठं आठ पैलूंचा, कुठं गोल. काळा दगड घोटून गुळगुळीत केलेला. पण माझा जीव रमतो तो बाहेर, खालच्या हत्तींपाशी. सगळं देऊळ त्यांच्याच पाठीवर उभं आहे असं वाटतं. अंगावर घंटा, साखळ्या, दागिने. जनावराच्या अंगावर पट्टा कुठनं घ्यायचा हे त्या पाथरवटाला पक्कं ठाऊक होतं. बऱ्याच हत्तींच्या सोंडा आता फुटल्यात. दक्षिण दाराशी यादव राजा सिंघणाचा शके 1136 चा लेख आहे, देवाला गाव दिल्याचा. राजाचं नाव राहिलं, पाथरवटाचं कुणी लिहिलं नाही.

शंकराचं देऊळ, पण समोर नंदी नाही. आण्णा सांगायचे, सती नंदीवर बसून बापाच्या यज्ञाला गेली ती परत आलीच नाही. शंकर कोपला, तो कोपेश्वर. त्याची समजूत घालायला विष्णू आला, तो धोपेश्वर. म्हणून गाभाऱ्यात दोन लिंगं. नंदी राहिला तिकडं येडूरला, आता ते कर्नाटकात.

2019 च्या महापुरात आमच्या गोठ्यात छातीभर पाणी आलं. बैल वाचले, वैरण कुजली. चारा विकत घेणं झेपेना, म्हणून दिवाळीआधी जोडी विकली. व्यापाऱ्यानं कासरा ओढला तरी थोरला बैल माझ्याकडंच तोंड करून उभा होता. मी घरात निघून गेलो. ते बरं केलं नाही.

नंतर एका उन्हाळ्यात नातवाला मोटरसायकलवरनं देवळात नेलं. त्यानं पहिलंच विचारलं, "आजोबा, नंदी कुठं हाय?" मी आण्णांची गोष्ट सांगितली.

"मग शंकर त्याला आणायला का गेला न्हाई?"

"चल, हत्ती मोजू," म्हटलं.

मागच्या बाजूला गेल्यावर दोघांचाही आकडा चुकला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.