चार पट्ट्यांचे सोंग

दोन वर्षांपूर्वी मुंबईहून गोवा आणि पुढे लक्षद्वीप असा प्रवास करणाऱ्या एका जहाजावर आम्ही सहकुटुंब गेलो होतो. तिसऱ्या रात्री वेषांतराचा कार्यक्रम होता. माझ्या भाच्याने निघण्यापूर्वीच एका ड्रेपरीवाल्याकडून पांढरा शर्ट, खांद्यांवर लावायच्या चार सोनेरी पट्ट्या आणि काळ्या कडेची टोपी भाड्याने आणली होती. उंचापुरा मुलगा, त्यात नुकतीच राखलेली दाढी. तो कप्तान शोभला. लोकांनी त्याच्याबरोबर छायाचित्रे काढून घेतली, आणि मामा या नात्याने मीही थोडा फुशारलो, हे कबूल केले पाहिजे.

साडेदहाच्या सुमारास जिन्यात एका वृद्ध बाईंनी त्याचा हात धरला. "कप्तानसाहेब, आमचे हे डोळेच उघडत नाहीत हो." ही वेषांतरातली थट्टाच असावी असे वाटून भाचा क्षणभर हसला. मग त्याचा चेहरा उतरला. तो त्यांना घेऊन धावला, पण कुठे धावायचे हे त्याला ठाऊक नव्हते. दवाखाना खालच्या मजल्यावर होता आणि हा वर गेला. "मी कप्तान नाही" हे वाक्य त्याच्या तोंडून निघायलाही वेळ लागला, कारण बाई ज्या विश्वासाने त्याच्या मागून येत होत्या तो मोडण्याचे धैर्य त्याला होईना. अखेर जाकीट घातलेला एक स्टुअर्ड समोर आला, त्याने भिंतीवरचा फोन उचलून दोन वाक्ये उच्चारली आणि चार मिनिटांत डॉक्टर त्या केबिनमध्ये पोचले. रक्तातली साखर उतरली होती, एवढेच. यजमान सावरले.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला बाई आमच्या टेबलाशी आल्या आणि त्यांनी भाच्याची माफी मागितली. "माझीच चूक झाली, मला कळायला हवे होते." हे मला फार लागले. सोंग याने घेतले आणि ओशाळावे लागले ते विश्वास टाकणाऱ्या बाईंना!

आपल्याला सोंगाचे वावडे नाही. एकनाथांची भारुडे सोंगांवरच उभी आहेत, आणि माझ्या लहानपणी दारात येणारा बहुरूपी पोलीस झालेला असे. दंडुका आपटून तो आजोबांवर वॉरंट काढी, आम्ही मुले भ्यायल्यासारखे करू, आणि शेवटी तो हात पुढे करून बिदागी मागे. त्या सोंगाला चौकट होती. उंबऱ्याच्या आत राहणाऱ्यांना तो कोण हे ठाऊक असे, आणि त्याच वेळी त्याच गल्लीत खरा पोलीस शोधण्याची पाळी सहसा येत नसे. शिवाय बहुरूपी खालून वरच्याचे सोंग घेई. सत्तेची नक्कल करण्याचा अधिकार ज्याच्याकडे सत्ता नाही त्याला असतो, असे काहीसे त्यात होते.

जहाजावर ही चौकटच नाही. खरा अधिकारी आणि खोटा अधिकारी एकाच अरुंद वाटेने येतात-जातात. प्रवासी अनोळखी इमारतीत असतो, इमारत समुद्रात असते, आणि तिथे वाचता येण्याजोगा मजकूर म्हणजे माणसांचे कपडे. ही एक भाषाच आहे. ब्रिटिश परंपरेतल्या व्यापारी जहाजांवर अभियंत्यांच्या सोनेरी पट्ट्यांमध्ये जांभळा रंग असतो, डॉक्टरांच्या पट्ट्यांमध्ये लाल, हिशेब सांभाळणाऱ्यांच्या पट्ट्यांमध्ये पांढरा. (हा जांभळा रंग १९१२ साली टायटॅनिकवर बुडालेल्या अभियंत्यांच्या स्मरणार्थ आला, ही हकीकत रम्य आहे, पण खरी नाही. ब्रिटिश नौदलात तो त्याच्या कितीतरी आधीपासून होता.) मुंबई सोडण्यापूर्वी आमची कवायत झाली होती. सात लहान भोंगे आणि एक लांब भोंगा ऐकला की ठरल्या जागी जमायचे आणि कर्मचारी सांगतील तसे करायचे. कर्मचारी कोण, हे ओळखायचे कशावरून? अर्थात कपड्यांवरून.

भाच्याने मात्र बिनतोड वाटावा असा मुद्दा काढला. "मामा, कोस्टा कॉन्कॉर्डियावर तर कप्तान खरा होता ना? काय उपयोग झाला?" १३ जानेवारी २०१२ च्या रात्री ते जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळले आणि कलंडले. ३२ माणसे गेली. प्रवासी आत असताना कप्तान जहाज सोडून गेला, आणि २०१५ मध्ये न्यायालयाने त्याला १६ वर्षांची शिक्षा दिली. त्या संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालीच नव्हती. निघण्यापूर्वी किंवा निघताच ती घ्यावी, हा आंतरराष्ट्रीय नियम त्यानंतर, २०१५ पासून आला. आणि मृतांपैकी सर्वांत शेवटी, २०१४ च्या नोव्हेंबरात, ज्याचे अवशेष सापडले तो मुंबईकडचा एक वेटर होता.

भाच्याचे म्हणणे मी दोन दिवस मनात घोळवले. पट्ट्यांनी माणूस कप्तान होत नाही, हे खरे. पण त्या इटालियन कप्तानाला 'पळाला' हा शब्द लावता येतो, त्याच्यावर खटला भरता येतो, तो त्या पट्ट्या खऱ्या होत्या म्हणूनच. माझा भाचा त्या रात्री केबिनमध्ये जाऊन झोपला असता तरी त्याला कुणी काही म्हणू शकले नसते. वेष त्याने पूर्ण घेतला होता, फक्त त्याला जोडलेला जाब घेतला नव्हता. म्हणून माझे मत असे झाले आहे की प्रवाशाने चाचा व्हावे, भूत व्हावे, हवे तर मावळा व्हावे. ज्या जहाजावर आपण आहोत त्याच जहाजावरच्या चाकरीतल्या माणसाचा वेष घेऊ नये.

चाकरी हा शब्द मुद्दाम वापरला. त्याच रात्री काही तरुण जोडप्यांनी एप्रन बांधून, हातात ट्रे घेऊन वेटर होण्याची मौज केली. आमच्या मजल्यावरचा स्टुअर्ड (तोच, फोन उचलणारा) हे सर्व हसून पाहत होता. तो सासष्टीचा. त्याचे आजोबाही तारवटी होते आणि पुढची बोट मिळेपर्यंत धोबीतलावच्या आपल्या गावच्या कुडात राहत. मुंबईतल्या या गोवेकर क्लबांच्या अशा खोल्यांत किती पिढ्यांनी ट्रंकेवर बसून वाट पाहिली असेल! त्याला मी विचारले, तुम्हाला हे कसे वाटते? तो म्हणाला, "मजा करू देत सर. आम्ही मात्र पाहुण्यांचे कपडे घालून वर येऊन बसलो, तर पुढच्या बंदरात उतरवतील." राग नव्हता, माहिती दिल्यासारखे बोलला. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. पैसा असलेल्याने तो नसल्याचे सोंग आणले तर काय होते, याबद्दल म्हण गप्प आहे. बहुधा ते सोपे असते, पहाटे साडेचारला उठावे लागत नाही.

भाच्याने नंतर तो वेष घातला नाही. परतीच्या सकाळी स्टुअर्ड खोली आवरायला आला तेव्हा टोपी खुर्चीवर पडली होती. भाचा म्हणाला, "घालून बघा ना, तुम्हाला शोभेल." त्याने टोपी हातात घेतली, दाराबाहेरच्या वाटेकडे एकदा पाहिले. मग खिशातल्या फडक्याने तिची काळी कड पुसली, ती फळीवर नीट ठेवली आणि पलंगावरची चादर बदलायला घेतली.