उंटिणीचे वशिंड

गेल्या हिवाळ्यात इंदूरबाहेरच्या माळावर राजस्थानातील राईका मेंढपाळांचा तळ पडला होता. मेंढ्यांबरोबर सामान वाहणारे उंटही होते. त्यांतील एका उंटिणीचे वशिंड रिकाम्या पिशवीसारखे कलंडलेले पाहून आम्ही वर्गमित्र मोठ्याने हसलो. "हिच्यातले पाणी संपले!" असेही आमच्यापैकी कोणी म्हणाले.

वृद्ध मेंढपाळ शांतपणे म्हणाला, "मुलांनो, तेथे पाणी नसते, चरबी असते. यंदा आमच्याकडे पाऊस झाला नाही. खेजडीचा पाला सरला. अंगी होते ते हिने पिलास पाजले."

आम्ही वरमलो. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी समजाविले की, चारा मुबलक असता उंटाचे जादा अन्न चरबीच्या रूपाने वशिंडात साठते आणि उपासमारीत तीच शिदोरी खर्ची पडते. चरबी मुख्यतः एके ठिकाणीच असल्यामुळे उरलेल्या अंगातील उष्णता सहज बाहेर पडते.

उन्हाळ्याच्या अखेरीस परतीच्या वाटेवर तोच तळ पुन्हा दिसला. वाटेतील बाभळी-बोरींच्या पाल्यावर ते वशिंड भरून सरळ उभे राहू लागले होते. या खेपेस आम्ही हसलो नाही. बाभळीच्या हिरव्या डहाळ्या मुकाट्याने तिच्यापुढे ठेवल्या.