अनियमित क्रियापदांच्या सहवासात

मराठीत आपण धातू 'चालवतो'. संस्कृतच्या तासाला बाकावर उभे राहून ज्यांनी धातू चालवले, त्यांना या शब्दातला घाम ठाऊक आहे. इटालियन भाषेतले धातूही असेच चालवावे लागतात. मात्र तेथील अडचण अशी की, जे धातू दिवसातून शंभरदा ओठांवर यायचे, नेमके तेच सरळ वाटेने चालायला तयार नसतात. 'आरे', 'एरे' आणि 'ईरे' असे क्रियापदांचे तीन गण. त्यांची कोष्टके एकदा पाठ केली की हजारो क्रियापदे गुमान रांगेत उभी राहतात. पण असणे, जाणे, येणे, करणे, देणे, सांगणे, पिणे, शकणे, मरणे ही मंडळी रांगेबाहेरची. 'आरे' गणात अनियमित क्रियापदे अवघी चार. पण ती कोणती, तर जाणे, देणे, करणे आणि राहणे! ही चार वगळून कोणाचा संसार चालतो? आम्हां संन्यस्तांचाही चालत नाही.

आम्ही चौघी धर्मभगिनी. तिघी वसईच्या, एक नगर जिल्ह्यातली. उत्तर इटलीतील लोम्बार्दी प्रांतात वृद्धांसाठी चालवल्या जाणाऱ्या एका घरात आमची नेमणूक झाली. तिकडच्या मठांत स्थानिक पाचारणे ओसरत गेली आणि आजारी-म्हाताऱ्यांच्या उशाशी बसण्याचे काम भारतातून गेलेल्या अनेक भगिनींकडे आले, हे आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ कुटुंबांना माहीत आहे. बहुतेकांच्या नात्यातली एखादी भगिनी तिकडे असतेच. आम्हांला शिकवायला एक निवृत्त शिक्षिका येत. त्यांनी पहिल्याच दिवशी क्रियापदांचा एक लांबलचक तक्ता स्वयंपाकघराच्या भिंतीवर डकवला. स्वार्थाचे काळ आठ, 'कोन्जुन्तीवो' नावाच्या अर्थाचे चार, संकेतार्थाचे दोन आणि वर आज्ञार्थ. प्रत्येक काळाची सहा-सहा रूपे. भाजी चिरता चिरता आम्ही ती म्हणत असू: वादो, वाई, वा, आंदियामो, आंदाते, वान्नो. हे सगळे एकाच 'जाणे' या क्रियापदाचे वर्तमानकाळी रूप. 'आंदारे' हे मूळ धरले, तर पहिल्या तीन रूपांत त्याचा मागमूस नाही.

आमच्यातल्या नगरच्या भगिनीने यावर एक शहाणपणाचा प्रश्न विचारला: मराठीत 'जातो' म्हणतो, मग काल काय, 'जाला' म्हणतो का? 'गेला' म्हणतो. खरेच की! 'जा' हा संस्कृतातील 'या' धातूचा वारस आणि 'गेला' हा 'गम्'चा. दोन वेगळ्या धातूंनी मिळून एकच क्रियापद चालवायला घेतले आहे. येणे–आला, करणे–केला, मरणे–मेला, म्हणणे–म्हटले. मातृभाषेतली ही अनियमित मंडळी आपल्याला कधी अनियमित वाटलीच नाहीत, कारण ती आईच्या दुधाबरोबर आली. पुढे 'असणे' या क्रियापदाशी गाठ पडली, तेव्हा तर आम्हांला नात्यातले माणूस भेटल्यासारखे झाले. इटालियनमध्ये 'आहे' म्हणजे 'ए' आणि जुन्या भूतकाळात 'फुई', म्हणजे 'मी होतो'. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध दिसतो का? पण लॅटिनमधील 'एस्त' हा संस्कृत 'अस्ति'चा भाऊ आणि 'फुई' हा 'भू' धातूच्या कुळातला. आपला 'होता' हाही 'भू'च्याच घरचा. हजारो वर्षांपूर्वी वेगळे झालेले हे चुलत घराणे; परंतु 'असणे' एका धातूने आणि 'होऊन जाणे' दुसऱ्याने सांगायची घरची रीत दोघांनीही सोडली नाही.

फादर स्टीफन्स यांचे नाव येथे घेतल्यावाचून राहवत नाही. 'ख्रिस्तपुराण' लिहिणारा हा इंग्रज जेज्वीट 1575 साली रोममध्ये संघात दाखल झाला आणि 1579 साली गोव्यात उतरला. त्यांनी लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, 1640 साली रायतूर येथे छापले गेले. त्या माणसानेही कोणा गोवेकराला पुन्हा पुन्हा विचारून आपल्याकडचे धातू चालवून घेतले असतील. चारशे वर्षांनी आम्ही तिकडचे चालवीत होतो. हिशेब फिटला म्हणायचा.

एका बाबतीत तर मराठी माणूस जन्मतःच तयार असतो. 'ती गेली', 'त्या आल्या' यांत आपले क्रियापद लिंगवचनाप्रमाणे बदलते. इटालियनमध्येही येण्याजाण्याच्या क्रियापदांचे भूतकालवाचक रूप तसेच बदलते. आणि 'त्याने भाकरी खाल्ली' यात खाणारा पुरुष असूनही क्रियापद भाकरीच्या मागे जाते, हा आपला कर्मणी प्रयोग! कर्माचे सर्वनाम आधी आले की इटालियन क्रियापदही असेच कर्माच्या मागे जाते. 'मी ती पाहिली' यातला 'पाहिली'चा ईकार त्यांच्याकडे 'वीस्ता'च्या आकारात बसला आहे. इंग्रजी शाळेत शिकून आलेल्यांना हा नियम डोक्यावरून जातो, असे बाई म्हणत. आम्हां चौघींना तो समजावून सांगावा लागला नाही.

खरी कसोटी आदराची होती. इटालियनमध्ये 'तू' म्हणायला 'तू'च आहे. आदरार्थी मात्र 'लेई' म्हणतात, आणि त्याचा शब्दशः अर्थ 'ती'. समोरच्या माणसाला, मग तो मिशाळ पुरुष का असेना, तृतीयपुरुषी संबोधायचे. त्याला काही करा म्हणायचे तर आज्ञार्थ चालत नाही. तेथे 'कोन्जुन्तीवो' आणावा लागतो. इच्छा, शंका, आशा, प्रार्थना या सर्वांचा तो अर्थ. 'या' याला 'वेंगा', 'सांगा' याला 'दीका', 'प्या' याला 'बेवा', 'करा' याला 'फाच्चा'. व्याकरणाची पुस्तके याला कितीही अवघड म्हणोत, आम्हांला त्यातली भावना ताबडतोब उमगली. वसईच्या घरी व्याही आले की आपण 'या, बसा' एवढ्यावर भागवत नाही. 'यावे, बसावे, दोन घास घ्यावेत' म्हणतो. आज्ञार्थ बाजूला सारून विध्यर्थ वापरायचा, आज्ञेला विनंतीचे वस्त्र नेसवायचे, ही आपलीही रीत. 'मला पाणी हवे होते' यातला भूतकाळ जसा खोटा, नुसता अदबीचा, तसाच त्यांचा 'वोर्रेई'.

बाईंनी एक किल्लीही दिली. वर्तमानकाळाचे 'मी'चे रूप घ्या आणि शेवटच्या ओकाराचा आकार करा: दीको–दीका, वेंगो–वेंगा, वादो–वादा. ही किल्ली न लागणारी कुलुपे मुख्यतः पाच: असणे, जवळ असणे, देणे, राहणे आणि जाणणे. त्यांची रूपे सिया, आब्बिया, दिया, स्तिया, साप्पिया. ही पाच आम्ही जपमाळेच्या एका दशकावर दोनदा बसवून पाठ केली. (देव रागावला नसावा.)

ही रूपे आम्हांला परीक्षेसाठी नको होती. ज्या म्हाताऱ्या माणसाला आंघोळ घालावी लागते, ज्याचे लंगोट बदलावे लागतात, त्याच्याशी जग फार लवकर 'तू'वर येते. शरीर दुसऱ्याच्या हाती गेल्यावर माणसाजवळ मानाचे असे किती उरते? चमचा पुढे करताना 'पी' म्हणायचे की 'प्यावे', एवढाच तो फरक. घरातले एक वृद्ध गृहस्थ पूर्वी शाळामास्तर होते. त्यांना 'बेवा' म्हटले की ते उशीवरची मान किंचित उचलून आभार मानीत.

याच मास्तरांनी आम्हांला दूरचा भूतकाळ, म्हणजे 'पास्सातो रेमोतो', शिकवला. दिस्सी, दिचेस्ती, दिस्से, दिचेम्मो, दिचेस्ते, दिस्सेरो. सहांपैकी तीनच रूपे बिघडतात: 'मी', 'तो' आणि 'ते'. उत्तरेकडे हा काळ बोलण्यात फारसा ऐकू येत नाही. तो कथाकादंबऱ्यांचा आणि इतिहासाचा. दक्षिणेत, विशेषतः सिसिलीत, सकाळची गोष्टही त्यात सांगतात. आमच्याकडची एक सिसिलियन आजी तासाभरापूर्वीचे जेवण जणू रोमन साम्राज्यात झाले अशा थाटात सांगे, आणि मास्तर हसत. त्यांचे दैवत आलेस्सान्द्रो मान्झोनी. त्यांनी आपली थोर कादंबरी 1827 साली छापल्यावर पुन्हा हाती घेतली आणि फ्लॉरेन्सच्या बोलभाषेप्रमाणे सुधारून 1840 ते 1842 या काळात नव्याने प्रसिद्ध केली. त्या वेळी 'मी होतो' याचे जुने 'एरा' त्यांनी 'एरो' केले. एका अक्षरासाठी एवढा खटाटोप, असे आम्हांला तेव्हा वाटले.

एका अक्षराचे मोल मार्च 2020 मध्ये कळले. लोम्बार्दीवर कोरोनाचे सावट उतरले, वृद्धांच्या घरांची दारे नातेवाइकांना बंद झाली आणि मुलामुलींशी आईवडिलांविषयी बोलण्याचे काम दूरध्वनीवरून आमच्याकडे आले. 'स्ता' म्हणजे प्रकृती अशी आहे. 'स्तावा' म्हणजे अशी होती. पलीकडे बसलेली मुलगी आमच्या तोंडून पहिले क्रियापद येईपर्यंत श्वास रोखून असे, आणि काळ कोणता आला यावरून तिला पुढचे सगळे कळत असे. म्हणून फोन उचलण्यापूर्वी आम्ही वाक्य कागदावर लिहून एकमेकींना दाखवीत असू. 'मरणे' हे क्रियापद सर्वांत वाकडे, मुओयो, मुओरे, मोरियामो. तक्त्यावरून ते आम्हांला चोख येत होते. पण आपण 'मेल्या' म्हणत नाही, 'वारल्या', 'देवाघरी गेल्या' म्हणतो. तसे तेही 'ए मान्काता' म्हणतात. 'मान्कारे' म्हणजे उणे असणे, कमी पडणे. माणूस उणे झाले. 'मला तुझी आठवण येते' यालाही तिकडे हेच क्रियापद. त्या वसंतात ते आम्ही इतक्या वेळा उच्चारले की त्याचे कोष्टक कधी पाहावे लागले नाही. मास्तरांच्या मुलाला फोन आमच्यातल्या सर्वांत धाकटीने केला.

त्याच वर्षी, 29 नोव्हेंबर 2020 रोजी, आगमन काळाच्या पहिल्या रविवारी, इटलीत मिस्साविधीचा नवा ग्रंथ वापरात येऊ लागला आणि प्रभूच्या प्रार्थनेतले एक क्रियापद बदलले. मोहाविषयीच्या विनंतीत आजवर 'इन्दूर्रे', म्हणजे नेणे, प्रवृत्त करणे, हे अनियमित क्रियापद होते. त्याजागी 'आब्बान्दोनारे', म्हणजे सोडून देणे, हे साधे नियमित क्रियापद आले. देव मोहात ढकलीत नाही, तो त्यात एकटे टाकून जाऊ नये एवढीच आपली याचना, असा त्यामागचा विचार. त्याच प्रार्थनेतले 'सिया' आणि 'वेंगा' मात्र जागच्या जागी आहेत. नामाविषयीचे आणि राज्याविषयीचे मागणे त्याच 'कोन्जुन्तीवो'त आहे, ज्यात आम्ही म्हाताऱ्यांना पाणी प्यायला सांगतो.

प्रार्थनालयात आता नवे शब्द म्हटले जातात. वरच्या मजल्यावर, ज्यांना मुलांची नावे आठवत नाहीत, त्या सिसिलियन आजींच्या ओठांवर संध्याकाळी ती ओळ आली की अजून जुनेच क्रियापद येते. तेव्हा त्यांचा हात हातात घेऊन आम्हीही त्यांच्याबरोबर जुनेच म्हणतो.