दहा-चार

अर्थ कळण्याआधी पाठ झालेल्या गोष्टींचे आपल्यावर केवढे ऋण असते, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. लहानपणी दिवेलागणीला देवापुढे बसून आम्ही दोघी बहिणी रामरक्षा म्हणत असू आणि मागोमाग पाढे. त्यातल्या एखाद्या शब्दाचा अर्थ कुणी विचारला असता, तर मी आजीच्या तोंडाकडे पाहिले असते. पण जीभ मात्र त्या वळणावळणांवरून बिनदिक्कत धावत जाई. पुढे शाळेत संस्कृतच्या तासाला बाईंनी फळ्यावर जोडाक्षरांचा डोंगर उभा केला, तेव्हा वर्गाची त्रेधा उडाली. माझी जीभ तो घाट आधीच चढून आलेली होती.

हे आज आठवले ते मात्र रामरक्षेमुळे नव्हे, टेक्सासमधल्या एका गायिकेमुळे. वाचकांनी दचकू नये. कॉलेजात मराठी शिकवणारी मी एक मास्तरीण. पॉप संगीत आणि माझे गोत्र एक नाही. पण २०२३ च्या उन्हाळ्याच्या सुटीत मी ह्यूस्टनला ताईकडे गेले होते, आणि तिथे माझी सोळा वर्षांची भाची तिथल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमासाठी एक भावगीत बसवीत होती. तिच्या हातातला कागद मी पाहिला. सगळे गाणे रोमन लिपीत! जिथे 'ळ' येई तिथे तिने इंग्रजी एल् काढून त्याभोवती एक वर्तुळ केले होते. दर रविवारी पुण्याहून आमची आई फोनवर ते गाणे ऐके आणि वर्तुळातला 'ळ' दुरुस्त करी. आईला इंग्रजी येत नाही. नातीला मराठी तोडकेमोडके. 'जेवलीस का?' याच्या पलीकडे दोघींचे संभाषण एरवी सरकत नसे.

ताईला हे गाणे मुळीच मान्य नव्हते. "अर्थ कळत नाही अन् नुसती पोपटपंची! तू मराठीची ना, मग सांग तिला," ती मला म्हणाली. मी तोंड उघडण्यापूर्वीच भाची म्हणाली, "मावशी, सेलेनाला तरी कुठे स्पॅनिश येत होतं?"

सेलेना कोण, हेच मला ठाऊक नव्हते. ते पुढच्या तीन आठवड्यांत भाचीने मला साग्रसंगीत सांगितले, ऐकवले, दाखवले; पुण्याला परतल्यावर राहिलेले मी आपले आपण वाचले.

सेलेना किंतानिया १६ एप्रिल १९७१ ला टेक्सासमधल्या लेक जॅक्सन नावाच्या गावी जन्मली. घराणे मेक्सिकन वंशाचे, पण घरातली मुले बोलत ती इंग्रजी. याला इतिहास आहे. टेक्सास मुळात मेक्सिकोचा मुलूख. तो अमेरिकेत गेल्यावर तिथल्या स्पॅनिश बोलणाऱ्यांची भाषा त्यांच्याच अंगणात पाहुणी झाली. १९१८ साली कायद्याने शाळांत इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतून शिकवणे बंद केले, आणि पुढे कित्येक वर्षे आवारात स्पॅनिश बोलणाऱ्या पोरांना शिक्षा होत असे. ज्या पिढीने छड्या खाल्ल्या, तिने आपल्या लेकरांशी इंग्रजीच बोलायचे ठरवले तर तिला नावे कोण ठेवणार?

सेलेनाचे वडील अब्राहम तरुणपणी 'लोस दिनोस' नावाच्या मंडळीत गात असत. ही मुले आवडीने इंग्रजी गाणी म्हणत. गोऱ्यांना हे मेक्सिकन नकोत आणि मेक्सिकनांना ही इंग्रजी गाणी नकोत, अशा कात्रीत ते सापडले, शेवटी स्पॅनिशकडे वळले, आणि पुढे संसारासाठी गाणे सोडून अब्राहम डाऊ केमिकलच्या कारखान्यात नोकरीला लागले. धाकट्या लेकीचा गळा सुरेल निघाला तेव्हा त्यांची जुनी हौस पुन्हा डोके वर काढू लागली. मोठ्या मुलाच्या हाती त्यांनी बास गिटार दिली, मधल्या मुलीला ड्रमवर बसवले. एक खानावळ काढली, तिथे ही पोरे गात. १९८० नंतरच्या मंदीत खानावळ बुडाली, घर गेले, आणि कुटुंब कॉर्पस क्रिस्टी या समुद्रकाठच्या शहरी आले. आता लग्नसमारंभांत, जत्रांत, मिळेल तिथे गाणे हाच चरितार्थ. आणि ऐकणारा गिऱ्हाईक तर स्पॅनिश मागणारा!

तेव्हा बापाने मुलीला स्पॅनिश गाणी शिकवली, ती अशी: उच्चार ऐकायचा, जसाच्या तसा म्हणायचा, मग अर्थ सांगायचा. एखादे भावंड पोपटाला शिकवते तसे, असे ताई म्हणेल. मला विचाराल तर आपल्याकडे गुरूने शिष्याच्या गळ्यात बंदीश उतरवली ती काही निराळ्या रीतीने नव्हे. अस्थाईतल्या ब्रज शब्दांचा अर्थ किती मराठी गवयांनी विचारला असेल?

ते गात ते तेहानो संगीत. टेक्सासमधल्या मेक्सिकनांचे हे लोकसंगीत मोठे गमतीचे आहे. त्यात जर्मन आणि चेक वसाहतवाल्यांनी आणलेला अकॉर्डियन आहे, त्यांच्या पोल्काचा ठेका आहे, आणि वर शब्द स्पॅनिश. परक्याची पेटी घेऊन आपले गाणे सजवणे आम्हां नाट्यसंगीतवाल्यांना काही नवे नाही. या तेहानोच्या रिंगणात बायकांना फारशी किंमत नव्हती. मुलीचे गाणे चालणार नाही असे बापाला तोंडावर सांगणारे पुष्कळ भेटले. १९८४ साली, तेरा वर्षांची असताना, एका स्थानिक कंपनीने तिची पहिली तबकडी काढली. मग दरसाल एखादी, कधी दोन. कंपन्या लहान, खप बेताचा. आठवीत शाळा सुटली; पुढचे शिक्षण तिने टपालाने पुरे केले. १९८७ साली तेहानो संगीताच्या पुरस्कारांत ती सर्वोत्तम गायिका ठरली आणि १९८९ मध्ये ई. एम. आय. लॅटिन या मोठ्या कंपनीने तिच्याशी करार केला.

या करारात एक मेख होती. कंपनीच्या माणसाला तिच्यात इंग्रजी पॉपची भावी तारका दिसली होती, आणि तिलाही इंग्रजीत गायचे होते. ती तर तिची घरची भाषा! पण आधी स्पॅनिश बाजार जिंकू, इंग्रजीचे मागाहून पाहू, असे म्हणत तो बेत वर्षानुवर्षे पुढे ढकलला गेला. दरम्यान स्पॅनिश अल्बम निघत गेले. १९९० चा 'वेन कोन्मिगो', १९९२ चा 'एन्त्रे आ मी मुंदो'. या दुसऱ्यात 'कोमो ला फ्लोर' हे तिचे सर्वांत लाडके गाणे आहे. भावाने आणि त्यांच्यातल्याच पीट आस्तुदियो या गायकाने रचलेले. 'फुलासारखे', एवढाच त्या शब्दांचा अर्थ. कोमेजलेल्या प्रेमाचे गाणे, पण ठेका नाचरा. मी प्रथम ऐकले तेव्हा शब्द कळले नाहीत. तरी 'फ्लोर'वर तिचा आवाज किंचित ओलावून थांबतो, तिथे माझा चहाचा कप हातातच राहिला.

हे अल्बम ओळीने ऐकले तर भाषा अंगावर चढत गेल्याचे जाणवते. सुरुवातीच्या तबकड्यांत ती शब्द जपून टाकते, परक्याच्या घरातली कपबशी उचलावी तशी. १९९४ च्या 'आमोर प्रोइबीदो'पर्यंत ती त्याच शब्दांशी खेळू लागली आहे. 'बिदी बिदी बोम बोम' हे त्यातले गाणे तर तालमीत सहज बरळलेल्या निरर्थक अक्षरांतून उभे राहिले. भाषा परकी असेल तर निरर्थक बोलण्याचे धाडस होत नाही. माझ्या वर्गातली जी मुले मराठीत कोट्या करतात, ती परीक्षेत नापास झाली तरी मी निर्धास्त असते! या अल्बममधली चार गाणी बिलबोर्डच्या लॅटिन यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. त्याच वर्षी, आधीच्या 'लाइव्ह' या अल्बमला ग्रॅमी मिळाले.

बोलण्यात मात्र ती अडखळे. मेक्सिकोतले पत्रकार टेक्सासच्या मेक्सिकनांना 'भाषा विसरलेले' म्हणून हिणवीत असत. मॉन्टेरे शहरी पत्रकार परिषदेला जाताना घरच्यांच्या पोटात गोळा आला होता. पण हिने आत शिरून एकेका पत्रकाराला मिठी मारली, आणि पुढचे व्याकरण त्यांनी माफ केले. एका मुलाखतीत 'चौदा' म्हणायचे होते. स्पॅनिशमध्ये चौदाला 'कातोर्से' म्हणतात. सोळाला मात्र 'दिएसिसेइस', म्हणजे दहा-सहा. हिने त्याच धर्तीवर ठोकून दिले, 'दिएसिकुआत्रो'! दहा-चार! तो शब्द आज तिचे चाहते प्रेमाने वापरतात. २०१९ साली आपल्याकडे दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' म्हणण्याची सोय केली, तेव्हा केवढे वादळ उठले होते ते वाचकांना आठवत असेल. सेलेनाने हे काम कोणतीही समिती न नेमता एका दमात केले.

भाचीने एक दिवस गाडीतून मला ॲस्ट्रोडोम दाखवले. आता ते छप्पराचे अवाढव्य क्रीडागार बंद पडले आहे. २६ फेब्रुवारी १९९५ ला तिथल्या गुराढोरांच्या प्रदर्शनाच्या निमित्ताने सेलेना गायली, तेव्हा साठ हजारांहून अधिक लोक जमले होते. स्पॅनिश गाण्यांच्या मेळ्यात तिने जुन्या डिस्को गाण्यांची एक इंग्रजी मालिकाही गायली. इंग्रजी अल्बमचे काम तेव्हा सुरू झाले होते.

ते पुरे झाले नाही. ३१ मार्च १९९५ ला कॉर्पस क्रिस्टीतल्या एका मोटेलमध्ये तिच्याच चाहत्यांच्या मंडळाच्या माजी प्रमुख बाईने तिच्यावर गोळी झाडली. पैशांच्या अफरातफरीचा संशय होता, कागद मागायला ती गेली होती. चोविसावा वाढदिवस सोळा दिवसांवर होता.

जुलैमध्ये 'ड्रीमिंग ऑफ यू' निघाला. इंग्रजी गाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच तयार होती. म्हणून कंपनीने उरलेली जागा तिच्या स्पॅनिश गाण्यांनी भरली. तो अल्बम निघताच अमेरिकेच्या सर्वसाधारण यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. ज्या यादीत इंग्रजी घेऊन शिरायची तिची इच्छा होती, तिथे ती शिकलेली भाषा घेऊन शिरली, आणि तेव्हा ती नव्हती. इथे माझ्यातली मास्तरीण काहीतरी विधान करू पाहते. मी तिला गप्प बसवते.

ताईचे आणि भाचीचे भांडण मी मिटवले नाही. पण भाचीने मला तो रोमन कागद दिला आणि अर्थ सांगायला लावला. 'विरह' हा शब्द इंग्रजीत सांगताना माझी पंचाईत झाली. शेवटी आम्ही पुण्याला फोन लावला. आईने तो शब्द समजावताना आमच्या वडिलांच्या बदल्यांच्या दिवसांची जी हकीकत सांगितली, ती मला ठाऊक नव्हती, ताईलाही नव्हती. भाचीला निम्मी कळली असेल. तिने मध्येच दोनदा विचारले, "मग, आजी?" तो फोन चाळीस मिनिटे चालला.

२०२२ साली सेलेनाच्या भावाने एक नवा अल्बम काढला. तिच्या कोवळ्या वयातल्या गाण्यांचा आवाज यंत्राने वाढत्या वयाचा करून दाखवलेला आहे. काम सफाईचे आहे, आणि भावाच्या मनातले दुःख मी समजू शकते. मी ते एकदा ऐकले. पुन्हा लावावेसे वाटले नाही. मला आवडते ती १९८४ ची तबकडी. वाद्ये सामान्य, मुद्रण यथातथा, आणि मधे तो तेरा वर्षांचा गळा, काठोकाठ भरलेला तांब्या दोन्ही हातांनी धरून ओसरी ओलांडणाऱ्या पोरीसारखा, एकेक अक्षर न सांडता पुढे नेणारा.