सव्वा मूठ

देव मानता का, असं कुणी विचारलं की मी आधी विचारणाऱ्याचा चेहरा बघतो. गृहस्थ पुरोगामी दिसला तर 'तसं काही नाही' म्हणतो. भाविक दिसला तर 'तसं नाही कसं!' म्हणतो. राजकारणातही माझं हेच धोरण असल्यामुळे शिरपुरातले सगळ्या पक्षांचे लोक मला आपलाच माणूस समजतात. पण कानबाईचं नाव निघालं की माझी ही अलिप्तता संपते. खानदेशात जन्मलेल्या माणसाला 'तू कानबाई मानतोस का' असं विचारणं म्हणजे 'तू जेवतोस का' असं विचारण्यासारखं आहे.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडा खुलासा. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई बसते. देवी म्हणजे एक नारळ. त्याला नथ, डोळे, दागिने घातले की त्याचा चेहरा असा काही होतो की नजर वर करून बोलायची हिंमत होत नाही. रविवारी रात्री जागरण आणि सोमवारी सकाळी नदीवर विसर्जन. त्या रविवारसाठी सुरत-भुसावळ गाडीला जी गर्दी होते, ती पाहिली की सुरतेत मागे कोण उरलं असेल असा प्रश्न पडतो.

कानबाईची खरी करामत म्हणजे ती भाऊबंदांना एकत्र आणते. वर्षभर बांधावरून कोर्टात भेटणारे भाऊ त्या दिवशी एका पंगतीला बसतात. सरकारला हे जमलेलं नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला. आम्ही धुळ्यातच राहिलो, पण लोकसभेचं मत नंदुरबारच्या मतदारसंघात टाकतो. म्हणजे राहायचं थोरल्याकडे आणि शिधा धाकट्याकडून!

या सणाला रोट करतात. भाऊबंदकीगणिक रीत थोडी वेगळी असते. आमच्या घरची रीत अशी की घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजायचे आणि त्या पिठाचे रोट करायचे. पाळण्यातला मुलगाही त्यात धरतात. आम्ही अकरा, म्हणजे गहू पावणेचौदा मुठी. रोट घरच्यांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. बायका गहू निवडतात, मोजतात, दळून आणतात, रोट लाटतात, भाजतात, रात्रभर गाणी म्हणतात आणि सकाळी देवीला डोक्यावर घेऊन नदीवर जातात. पुरुषांचं काम मोजलं जाणं. ते आम्ही मनोभावे करतो.

मागे एका वर्षी थोरल्या वहिनी अशाच मोजत बसल्या होत्या. शेजारी त्यांची नात. ती पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत असते आणि तिचा पगार ऐकल्यावर आमच्यातले चार पुरुष जेवायचे थांबतात. तिनं सहज विचारलं, "आजी, यात माझी मूठ कुठली गं?"

घर शांत झालं. कुणीतरी म्हणालं, "बेटा, मुलींची नसते." ती म्हणाली, "पण मी रोट खाते ना?" आता याला काय उत्तर द्यायचं? या घरात जन्मली म्हणून खाते आणि या घरातून जाणार म्हणून मोजत नाही, हा सगळा हिशेब तिला एका वाक्यात कळला आणि आम्हालाही पहिल्यांदाच ऐकू आला.

मोजणीचा हा घोळ नवा नाही. १९५१-५२ साली देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा लाखो बायकांनी मतदारयादीसाठी स्वतःचं नावच सांगितलं नव्हतं. कुणी 'अमक्याची बायको', कुणी 'तमक्याची आई'. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालवून घ्यायला नकार दिला आणि सुमारे २८ लाख नावं यादीतून गळाली. त्यातल्या बहुतेक जणी उत्तरेकडच्या होत्या, म्हणून आपण फुशारून जायचं कारण नाही. आपल्याकडे नाव न सांगण्याऐवजी उखाणा घालून नवऱ्याचं सांगतात, इतकाच फरक.

आज तसं नाही. मतं मागायला येणारा कार्यकर्ता आमच्या घरात अकरा पुरुष मोजत नाही, सोळा मतं मोजतो. आठ पुरुषांची, आठ बायकांची. पाळण्यातल्या चिरंजीवांकडे तो ढुंकून बघत नाही आणि वहिनींच्या मात्र वाकून पाया पडतो. १९९३ पासून पंचायतींत, नगरपालिकांत बायकांना एक तृतीयांश जागा आल्या, २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या झाल्या. आम्ही कुरकुरत का होईना, सगळं मान्य केलं. मग एका मुठीवरच एवढी शांतता का?

याचा खुलासा तात्यांनी केला. तात्या म्हणजे माझे चुलतभाऊ. केळीचा आणि कपाशीचा त्यांचा अभ्यास मोठा आहे आणि जमिनीवरची श्रद्धा त्याहून मोठी. ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "आज मूठ मांगस, सकाय सातबारा मांगी!" सकाय म्हणजे आमच्याकडे उद्या.

मी थक्क झालो. आम्ही सगळे इतका वेळ धर्मात शोधत होतो ते उत्तर तात्यांना तलाठ्याच्या दप्तरात सापडलं होतं. आणि 'सकाय' तरी कसली? ती कधीच होऊन गेली होती. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानं हक्क देणारा कायदा महाराष्ट्रानं १९९४ साली केला, देशानं २००५ साली केला, आणि तो हक्क मुलासारखाच आहे असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली पुन्हा बजावलं. कायद्यानं मोजलेल्या मुलीला घरात न मोजण्यासाठी आपण जो कागद शोधला, त्याला हक्कसोडपत्र म्हणतात. त्यावर बहिणीची सही लागते. ती बहुधा चहा-पोहे देऊन घेतात.

वहिनी हे सगळं ऐकत होत्या. गहू चाळता चाळता म्हणाल्या, "पुरुष अकरा, तर मुठी अकरा झाल्या. वरच्या पावणेतीन कुणाच्या, ते कधी विचारलं का कुणी? माझ्या सासूनं घातल्या, तिच्या सासूनं घातल्या. बाईनं घातलेली पाव बाईचीच."

आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. धर्मही राहिला, मुलीही आल्या! पण नातीनं मनातल्या मनात हिशेब केला. "पावणेचौदात पावणेतीन म्हणजे वीस टक्के, आजी. पंचायतीत पन्नास आहेत."

वहिनी हसल्या. देवीकडे एकदा बघितलं आणि एकही शब्द न बोलता डब्यात हात घातला. एक, दोन, तीन... आठ मुठी. नुसत्या मुठी, सव्वा नाही. एकूण पावणेबावीस झाल्या. कानबाई काही बोलली नाही. एक तर ती नारळ आणि दुसरं म्हणजे बाई. तिचं मौन आम्ही होकार समजलो. तात्या तेवढे आत जाऊन कपाटाला कुलूप आहे ना ते बघून आले.

इतके रोट पौर्णिमेच्या आत संपायचे कसे, ही काहींना धार्मिक चिंता होती. ते दोन दिवस आधीच संपले. दरवर्षी 'आम्हाला कशाला, तुम्ही घ्या' म्हणणाऱ्या आमच्या बायका त्या वर्षी पोटभर जेवल्या.

मग पौर्णिमा आली, म्हणजे राखी. तात्यांची बहीण सासरहून आली. दिलेल्या मुलीला आमच्यात रोट चालत नाहीत, तेव्हा तिच्यासाठी वेगळं जेवण होतं. घरात काय झालं ते तिला स्टँडवरच कळलं असावं. तिनं तात्यांना ओवाळलं, राखी बांधली, ओवाळणीचं पाकीट घेतलं. ते त्या वर्षी जरा जाड होतं. मग गाठ नीट बसली का ते बघत अगदी हळू विचारलं, "तात्या, आनि मन्ही मूठ?"

तात्यांनी त्याचं उत्तर अजून दिलेलं नाही. पण राखी मात्र त्यांनी दिवाळीपर्यंत हातावरून काढली नव्हती.