मान उचला, भाऊ

फवारणीचं विष चढलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठून बसतो, चहा मागतो, घरी कधी सोडता म्हणून विचारतो. नातेवाइकांना हायसं वाटतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात सगळी नोकरी पेशंटच्या खाटेजवळ काढलेल्या सिस्टरांना मात्र नेमकी तेव्हाच धास्ती वाटते. त्या त्याला पुन्हा आडवं करतात आणि डोक्याखाली हात न घालता म्हणतात, "मान उचला, भाऊ. उशीवरून वर. आता धरून ठेवा." मान उचलली आणि टिकली, तर त्या पुढच्या खाटेकडे जातात. थरथरून खाली आली, तर डॉक्टरांना हाक, ऑक्सिजन, नळी घालायची तयारी आणि १०८ ला फोन.

फवारणीतल्या ऑर्गनोफॉस्फरस विषाचा पहिला तडाखा सगळ्यांना दिसतो. तोंडाला फेस, घाम, छातीत पाणी, बारीक झालेल्या बाहुल्या. दुसरा तडाखा साधारण २४ ते ९६ तासांत, पेशंट सावरला असं वाटत असताना येतो. आधी मानेचे स्नायू ढिले पडतात, मग श्वासाचे. १९८७ मध्ये श्रीलंकेतल्या सेनानायके आणि कराल्लिड्डे या डॉक्टरांनी या अवस्थेचं वर्णन करून तिला इंटरमीजिएट सिंड्रोम हे नाव दिलं. पहिल्या तडाख्यावर चालणारं अ‍ॅट्रोपिन इथे उपयोगी पडत नाही. वेळेवर कृत्रिम श्वास मिळाला तर माणूस बहुधा वाचतो, नाही मिळाला तर रात्रीतून जातो. उशीवरून मान उचलायला लावणं ही त्यावरची सगळ्यात स्वस्त तपासणी. तिला यंत्र लागत नाही, पण ती वेळेवर, पुन्हा पुन्हा करणारं माणूस लागतं. सिस्टरांची सगळी नोकरी या एका अडचणीभोवती फिरत राहिली आहे.

२०१७ च्या पावसाळ्यात ही अडचण सगळ्या जिल्ह्याची झाली. कापसाची पऱ्हाटी त्या वर्षी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. शेतमजूर पंप पाठीवर घेऊन वरच्या दिशेने फवारत होते आणि औषध त्यांच्याच तोंडावर, छातीवर पडत होतं. बॅटरीच्या पंपातून तुषार बारीक आणि भरपूर उडत होते. एकाच पंपात दोन-तीन औषधं मिसळलेली. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत जिल्ह्यात आठशेहून अधिक जणांना विषबाधा झाली, वीसच्या आसपास माणसं गेली. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तालुक्यातालुक्यातून पेशंट येत राहिले. सरकारने विशेष तपास पथक नेमलं, आणि मोनोक्रोटोफॉस, डायफेनथियुरॉन यांच्यासह पाच कीटकनाशकांवर काही काळ बंदी आली. बातम्यांत हे सगळं छापून आलं. रात्री वॉर्डात काय करावं लागत होतं, ते कुणी फारसं लिहिलं नाही.

अ‍ॅट्रोपिनचं अँप्यूल ०.६ मिलिग्रॅमचं. सुरुवातीच्या ३ मिलिग्रॅमसाठी पाच फोडायची. पाच मिनिटांनी छाती ऐकायची, खरखर तशीच असेल तर दहा, मग वीस. काचेने बोटं कापतात. छाती स्वच्छ झाली, नाडी ऐंशीच्या वर गेली, काखा कोरड्या पडल्या, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या राहिल्या नाहीत, की थांबायचं आणि ड्रिपवर न्यायचं. इथपर्यंत कोणत्याही सिस्टरला ठाऊक असतं. खरा पेच नंतरचा. अ‍ॅट्रोपिन कमी पडलं तर माणूस स्वतःच्याच पाण्यात बुडतो. जास्त झालं तर ताप चढतो, लघवी अडते, आतड्यांचा आवाज बंद होतो, माणूस बडबडायला लागतो, सलाईन ओढून पळतो. आणि बडबडण्याचं कारण तरी एक का? ऑक्सिजन कमी पडला तरी तो बडबडतो, दारू एकदम सुटली तरी बडबडतो. अशा वेळी घाबरून ड्रिप बंद केली तर छाती पुन्हा भरते, तशीच चालू ठेवली तर अंग भाजतं.

सिस्टरांची यावरची रीत अशी: काखेत कोरड्या गॉजची घडी धरायची आणि उजेडात बघायची. मग पोटावर स्टेथोस्कोप. कपाळ. छातीच्या दोन्ही बाजू, अगदी खाली पाठीकडून. बाहुल्यांवर त्या शेवटी येतात. विष थेट डोळ्यांत उडालं असेल तर बाहुल्या फसवतात, आणि बाकीचं अंग सुधारल्यावरही बराच वेळ बारीक राहू शकतात. २०१७ मध्ये "बाई, मले दिसून नाही राह्यलं" म्हणत आलेले कितीतरी जण होते. डायफेनथियुरॉनसारखं औषध तर ऑर्गनोफॉस्फरस नाहीच, त्यावर अ‍ॅट्रोपिन ओतून काही हाती लागत नाही. पंपात काय काय होतं हे मजुराला माहीत नसे, कारण औषध मालकाने आणलेलं आणि डबा वावरातच राहिलेला. म्हणून सिस्टर आजही पेशंटबरोबर आलेल्या माणसाला आधी पेशंटचे कपडे काढायला लावतात आणि लगेच डबा आणायला गावाकडे पिटाळतात. डोक्यापासून नखांपर्यंत साबणाने धुणं हाही औषधाचाच भाग आहे, यावर त्यांचा कटाक्ष. ते काम मावशीवर ढकलणाऱ्या स्टाफबद्दल त्या फार कठोर बोलतात.

कठोर त्या आणखीही बाबतींत आहेत. मॉनिटर आल्यापासून मुली खाटेकडे न बघता पडद्याकडे बघतात, हे त्यांचं जुनं दुखणं. बोटावरचा आकडा ९८ दाखवत असतो आणि मान पडलेली असते. मान पडते तेव्हा आकडा पडलेला नसतो, तो नंतर पडतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. गावोगाव निघालेल्या काही नर्सिंग कॉलेजांबद्दलही त्यांचं मत चांगलं नाही: वह्या सुबक, आकृत्या रंगीत, पण विषबाधेचा एकही पेशंट न हाताळता मुलगी पास. हा राग पूर्ण न्याय्य नाही, कारण चांगल्या मुली त्याच कॉलेजांतून येतात.

अशीच एक मुलगी गेल्या फवारणीच्या हंगामात त्यांच्या हाताखाली आली, कंत्राटी. ड्यूटीचा ओव्हर घेताना ती प्रत्येक विषबाधेच्या पेशंटपाशी थांबून मान उचलायला लावायची. एका रात्री सिस्टर पलीकडच्या खाटेवर अँप्यूल फोडत होत्या. चष्मा लावूनही आता अँप्यूलवरची अक्षरं टॉर्चच्या उजेडात नीट दिसत नाहीत, त्यामुळे त्यांचा वेग कमी झाला आहे. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "मॅडम, यांची मान सकाळपेक्षा कमी टिकते आहे." तिचं बरोबर होतं. पेशंट वेळेत यवतमाळला गेला. सिस्टरांना फार आनंद झाला, पण त्या आनंदाच्या आधी क्षणभर काहीतरी टोचलं. डॉक्टर रात्री "सिस्टर, काख काय म्हणते?" असं विचारतात ते त्यांनाच, ही गोष्ट त्यांना किती प्रिय आहे हे त्यांना त्या क्षणी कळलं. त्या ते लपवत नाहीत. मान फक्त आपल्यालाच कळते, असं त्यांना वाटत आलं होतं आणि ते वाटणं त्यांना आवडत होतं.

आता ती मुलगी जर्मन शिकते आहे. जर्मनीत परिचारिका म्हणून नोंदणीला बी-२ पातळी लागते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून यवतमाळसारख्या ठिकाणीही ही वाट मुलींच्या बोलण्यात आली आहे. तिला दोष द्यायला सिस्टर तयार नाहीत. कंत्राट दरवर्षी नव्याने. खासगी दवाखान्यात गेली तर काय? २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी पगार नसावा अशी शिफारस केली होती. इथे ती शिफारसच राहिली. बाह्यस्रोतातून भरती नको म्हणून मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा त्यात सिस्टरही होत्या. एक हंगाम शिकलेली मुलगी दुसऱ्या हंगामाला त्याच वॉर्डात असली पाहिजे, एवढं त्यांचं साधं म्हणणं होतं.

सिस्टरांपुढची वाट वेगळी, पण जाते खाटेपासून दूरच. परिसेविकेची बढती आली आहे. म्हणजे इंडेंट, लिननचा हिशेब, ड्यूटीचा तक्ता, बैठका. पगार वाढतो, नाइट सुटते, गुडघ्यांना आराम मिळतो. अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका अशी ही शिडी एकेक पायरीने पेशंटपासून लांब जाते. जी सर्वांत चांगलं बघते तिला बघण्याच्या कामातून उचलायचं, अशी ही रचना आहे आणि ती चुकीची आहे. खाटेजवळ राहूनच वरचा दर्जा आणि वरचा पगार मिळेल अशी पदं जगात अनेक देशांत आहेत. आपल्याकडे विषबाधा, प्रसूती, नवजात शिशू अशा कामांत मुरलेल्या परिचारिकेला तशी जागा का मिळू नये?

बढती त्यांनी स्वीकारली आहे. डोळ्यांचं कारण खरं आहे, त्यात कमीपणा नाही. मात्र परिसेविका झाल्यावर त्या पहिली मागणी लिननची करणार नाहीत. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण सामान्य वॉर्डात अध्यापन रुग्णालयासाठी ३ रुग्णांमागे १ आणि इतर रुग्णालयांसाठी ५ रुग्णांमागे १ परिचारिका असं आहे. रात्रीच्या वॉर्डात त्याच्या जवळपासही कुणी पोचत नाही. ते प्रमाण एका वर्षात भरून निघणार नाही, हे सिस्टर जाणतात. त्यांचं मागणं त्याहून लहान आहे: जुलै ते ऑक्टोबर, फवारणीच्या चार महिन्यांत, तालुक्याच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात नाइटला एक जादा सिस्टर द्या, आणि ती दर हंगामाला तीच असू द्या.